सिरियस हाय, निघा

"तुमचे मालक जागेवर गेले, मॅडम. भिगवणला. ट्रकनं उडवलं. तुम्ही सगळेच्या सगळे ताबडतोब या."

फोनमधला माणूस एवढं बोलला आणि थांबला. माझ्या रडण्याची वाट बघत असावा. मी रडले नाही. विचारलं, "कोण बोलतंय?"

"दवाखान्यातून."

"कुठल्या?"

"मॅडम, वेळ घालवू नका. पंचनाम्याला घरचे सगळे लागतील. दुकान बंद करा आणि निघा." फोन ठेवला.

वसुबारसेची संध्याकाळ होती. दुसऱ्या दिवशी धनत्रयोदशी. बारामतीत आमचं भांड्यांचं दुकान आहे, आणि त्या दिवसांत ते वर्षात कधी नसतं इतकं भरलेलं असतं. तांब्याचे हंडे छतापर्यंत, पितळेची पातेली एकात एक, स्टीलच्या ताटांच्या चळती दारापर्यंत आलेल्या. दुकानात माझा मुलगा होता, धाकटे दीर होते आणि दोन गिऱ्हाइकं. रिसीव्हर माझ्या हातात तसाच होता. दिरांनी विचारलं, "काय झालं, वैनी?" मी ऐकलं ते जसंच्या तसं सांगितलं. दीर एका पालथ्या घमेल्यावर बसले आणि मोठ्यानं रडू लागले. मुलानं गल्ला ओढून बंद केला. गिऱ्हाइकं हातातली ताटं खाली ठेवून हळूच निघून गेली.

माझे मालक त्या दिवशी खरोखरच भिगवणला होते. महामार्गावर मासळीच्या खानावळी आहेत, त्यातल्या एकीला मोठी पातेली हवी होती. सकाळीच ते एसटीच्या टपावर पातेली चढवून गेले होते. म्हणजे फोनवाल्याला ठाऊक होतं माणूस कुठं आहे ते. हेच बघून दीर आणि मुलगा फसले. मला मात्र तिथंच खटकलं, कारण ही गोष्ट बाहेरच्या माणसाला कुणी सांगितली हे मला माहीत होतं. मालकांनीच सांगितली होती.

आमच्याकडं फोन येऊन वर्ष झालं नव्हतं. कित्येक वर्षं नंबर लावून मिळालेला. मालक त्याच्यावर रोज फडकं फिरवायचे आणि फोन वाजला की उठून उभे राहून बोलायचे. समोर कोणी का असेना, साहेबच असणार असं त्यांना वाटायचं. गावाकडं चावडीत बोलावणं आलं की टोपी सारखी करून जायचं, तशी त्यांची फोनवर बोलायची रीत.

वसुबारसेच्या आधी काही दिवस असाच एक फोन आला. मी शेजारी बसून एका तांब्यावर नाव घालत होते. भांड्यावर नाव घालायचं मशीन असतं, विजेवर घरघरतं, टोकाला सुई असते. चौथीपर्यंत शाळा झालेली, पण अक्षर वळणदार, म्हणून ते काम माझ्याकडं. मालकांचं बोलणं ऐकू यावं म्हणून मी मशीन बंद केलं.

"व्हय साहेब... दुकानच हाय साहेब... आठला बंद करतो... न्हाय साहेब, रात्री कोण झोपत न्हाय, घर मागच्या गल्लीत हाय... मी, पोरगा, भाऊ आणि मंडळी... वसुबारसेला? न्हाय साहेब, त्या दिवशी मी भिगवणला आसतो. पातेली पोचवायचीत. संध्याकाळी येतो मागं... बरं साहेब. नमस्कार साहेब."

फोन ठेवून ते खुशीत बसले. "एक्सचेंजचा साहेब. दिवाळीत लाइनीवर लोड येतो म्हणं. तपासायला माणूस पाठवणार हाय."

"त्यानं पोस्त मागितलं का?" मी विचारलं. दिवाळीत पोस्टमन, लाइनमन, झाडूवाला सगळे पोस्त मागायला येतात. खुशीनं द्यायचं असतं.

"न्हाय."

"मग तो एक्सचेंजचा न्हाय. दिवाळीत फोन करतो आणि पोस्त मागत न्हाय, आसला सरकारी माणूस मी बघितला न्हाय."

"तुला सगळे चोरच दिसत्यात."

"तुमाला सगळे साहेब दिसत्यात."

त्यांनी फोनवरून फडकं फिरवलं. मीही मशीन सुरू केलं. लाइन तपासायला कुणीही आलं नाही.

तर त्या संध्याकाळी रिसीव्हर हातात धरून मला पहिल्यांदा आठवला तो साहेब. आणि दुसरी गोष्ट खटकली ती जास्त मोठी. फोनवाला म्हणाला होता, "गेले."

आमच्या भागात मेलेल्या माणसाची बातमी अशी कुणी देत नाही. माणूस मेला की निरोप येतो, "सिरियस हाय, निघा." सगळ्यांना कळतं. निरोप आणणाऱ्याला कळतं, ऐकणाऱ्याला कळतं, आणि तरी दोघंही तोंडातून तो शब्द काढत नाहीत. माझे वडील लोणी भापकरला वारले तेव्हा माणूस सायकलवर आला आणि म्हणाला, "आबा जरा सिरियस हाईत." मी भरलं ताट सारून उठले. पोचले तेव्हा तिरडी बांधून झाली होती. शिकलेल्यांच्या घरची तारसुद्धा तसलीच असायची. आणि बायकांना तर मुळीच सांगत नाहीत. कर्त्या पुरुषाला बाजूला घेतात, दोघं जण चला म्हणतात, बायकांना आणू नका म्हणतात. इथं हा माणूस बाईलाच सांगत होता की नवरा जागेवर गेला, आणि सगळ्यांना या म्हणत होता. वर मला मॅडम म्हणत होता. भिगवणचा माणूस मला मावशी म्हणाला असता, नाही तर वैनी.

माझ्या माहेरी मेंढरं होती. लांडगा कसा येतो ते मी लहानपणी बघितलंय. एक लांडगा माळावर उघडा दिसतो. कुत्री त्याच्यावर धावतात, माणूस काठी घेऊन धावतो, तो लांडगा आरामात पळत राहतो. दुसरा मागच्या बाजूनं येऊन कोकरू नेतो. वडील म्हणायचे, दिसला त्याच्यामागं जायचं नाही, कळपाजवळ थांबायचं.

मी दिरांना म्हणाले, "भावजी, उठा. तसलं काय झालेलं न्हाय. आपल्याला हितनं हलवायला बघत्यात."

दीर रडता रडता थांबले. "वैनी, दादा तितं रस्त्यावर पडल्यात."

"कुणी बघितलं?"

"फोन आला न्हवं."

"फोन कुणी केला?"

मुलगा म्हणाला, "आये, आत्ता तुझं हे नगं. आत्ता तरी नगं."

"खानावळीजवळ एसटीडीचं बूथ हाय. तितं लावून विचार."

त्यानं लावला. एंगेज. परत लावला. एंगेज. दिवाळीचे दिवस, बूथ कसला मोकळा मिळतोय. तिसऱ्यांदा लावायच्या आत दीर रस्त्यावर जाऊन जीप ठरवून आले होते. समोरच्या बांगड्यांच्या दुकानातला कासार आला. तो आमच्या घरच्यासारखा. म्हणाला, "मी पण येतो. दोघांना एकटं पाठवत न्हाय."

"तिघं गेला तर हितं कोण राहील?" मी विचारलं.

दीर माझ्याकडं बघत म्हणाले, "तुमी दगड हाय का वो, वैनी? मालक मेला म्हणत्यात आणि तुमाला भांड्याचं पडलंय."

भांड्याचं मला पडलंच होतं. दुकानातल्या एकाही भांड्यावर अजून नाव नव्हतं. नाव नसलेलं भांडं कुणाचंही असतं. इंदापूरच्या बाजारात नेऊन दुसऱ्या दिवशी उघड्यावर विकलं तरी कुणी विचारणार नाही. आदल्याच दिवाळीत तिकडच्या एका कापडवाल्याला निरोप आला होता, आई पडली म्हणून. तो घरी जाऊन येईपर्यंत दुकानात रिकाम्या फळ्या राहिल्या होत्या. आई उन्हात बसून गहू निवडत होती.

आणि मालकांचं पडलं नव्हतं असंही नाही. माझं डोकं सांगत होतं ते जिवंत आहेत. पण डोकं चुकलं तर ते तिथं रस्त्यावर, आणि मी इथं हंडे राखत बसलेली. पुढं जन्मभर लोक काय म्हणतील ते मला ठाऊक होतं. तरी मी हलले नाही.

जीप दारात आली. ड्रायव्हर तरणा होता. मी त्याच्या खिडकीशी गेले आणि म्हणाले, "भाऊ, गडबड करू नगंस. तितं कोण मेलेलं न्हाय."

तो म्हणाला, "मावशी, मेलेलं आसलं तरी गडबड करून काय उपेग?"

त्या संध्याकाळी मला शहाणा वाटलेला तो एकटाच माणूस. जीप गेली.

बातमी बाजारात पसरली आणि बायका येऊ लागल्या. आधी कासारीण आली, मग पलीकडची तेलवाली, मग वेणीगजरेवाली. माझ्या दुकानाच्या पायरीवर बसल्या. माझ्या कपाळाकडं बघत होत्या आणि मी बघितलं की दुसरीकडं बघत होत्या. माझं कुंकू तसंच होतं. ते पुसायला कुणी पुढं येईना आणि उठून जायलाही कुणी तयार होईना.

तेलवाली शेवटी म्हणाली, "रड बाई. रडलं म्हंजी हलकं वाटतं."

"कशाला रडू? मालक आल्यावर काय सांगू, तुमच्यासाठी रडून घेतलं म्हणून?"

"डोक्यावर परिणाम झालाय," वेणीगजरेवाली कासारणीला हळू म्हणाली. मला ऐकू आलं.

"माझ्या डोक्यावर काय झालेलं न्हाय. तुमी बसा हितंच. जाऊ नका. मला माणसं पायजेत." मी दुकानातले सगळे दिवे लावले, मशीन लावलं आणि उद्याच्या गिऱ्हाइकाचा एक तांब्या घेऊन नाव घालायला बसले. एक वेलांटी लांब गेली. तो तांब्या पुढं मी घरातच ठेवला.

थोड्या वेळानं समोर एक टेंपो येऊन थांबला. मागचा हौदा रिकामा, नुसती पोती अंथरलेली. एक माणूस उतरून पायरीपाशी आला. इतक्या बायका बघून जरा थबकला. मग आत आला.

"हंडा दाखवा," म्हणाला.

मी हंडा पुढं सरकवला. भांडं घ्यायला आलेला माणूस आधी त्याच्यावर टिचकी मारतो. आवाज ऐकतो. लहान पोरसुद्धा मारतं. ह्यानं हात लावला नाही. तो मागच्या दाराकडं बघत होता.

"मालक न्हाईत का?"

"आत जेवाय बसल्यात," मी म्हणाले.

पायरीवरच्या सगळ्यांनी माना वळवल्या. तो माझ्याकडं बघत राहिला. मीही त्याच्याकडं बघितलं.

"उद्या येतो," म्हणाला आणि गेला. टेंपोही गेला.

तो कोण होता मला आजतागायत माहीत नाही. कदाचित खराच हंडा घ्यायला आला असेल. दुसऱ्या दिवशी तो आला नाही, एवढं सांगते. त्या दिवाळीपासून आमच्या बाजारात ठरलं की सणासुदीला असा फोन आला तर बोलणाऱ्याचं नाव, गाव विचारून ठेवून द्यायचा आणि आपण उलटा लावून खात्री करायची. दुकानात किती माणसं, कोण कधी कुठं जाणार, हे कुणा साहेबाला सांगायचं नाही. ठरलं म्हणजे बायकांनी ठरवलं. पुरुष अजूनही उभं राहून बोलतात.

टेंपो गेल्यावर फार वेळ झाला नाही, कोपऱ्यावरून मालक येताना दिसले. चालत, हातात पिशवी. पिशवीतनं पाणी ठिबकत होतं. वसुबारसेच्या दिवशी त्यांनी चिलापी मासळी आणली होती.

वेणीगजरेवालीनं किंकाळी फोडली. मालक जागच्या जागी थांबले. पायरीवर बसलेल्या बायका बघून त्यांचा चेहरा पडला.

"काय झालं? कोण गेलं?"

"तुमी," मी म्हणाले.

त्यांना कळेना. तेलवाली पदर तोंडाला लावून हसायला लागली आणि हसता हसता रडली. मी सगळं सांगितलं. मालक आत येऊन बसले. पिशवी मांडीवर तशीच. धोतर भिजलं तरी कळलं नाही त्यांना.

"एक्सचेंजचा साहेब," एवढंच म्हणाले.

"व्हय. साहेब."

"बाकीचे कुठं हाईत?"

"तुमाला आणायला गेलेत. भिगवणला. तुमची गाडी आणि त्यांची गाडी समोरासमोरनं गेली आसंल."

इतका पडलेला चेहरा मी त्यांचा बघितला नव्हता. फोनकडं ते साप बघावा तसं बघत होते. तेवढ्यात तो वाजला.

ह्या खेपेला ते उभे राहिले नाहीत. बसल्या बसल्या उचलला. ऐकलं. कपाळावर शीर उठली. "मीच हाय कर्ता माणूस... आता भावाला मारलास व्हय रे? मी हितं जित्ता बसलोय. परत फोन केलास तर बघ." आणि आपटला.

"कोण?"

"त्यातलाच. एक डाव फसला, दुसरा टाकलाय. आता भाऊ पडला म्हणं. मी बी निघून जावं आणि दुकान मोकळं व्हावं."

"काय म्हणाला? जसंच्या तसं सांगा."

"काय सांगू त्याचं?"

"सांगा."

"म्हणला, घरात कर्ता माणूस कोण हाय. मी म्हणलं मीच. म्हणला, तुमचे भाऊ जरा सिरियस हाईत, दोघं जण या. बायकांना काय बोलू नका."

मी उठले. मशीनची वायर काढली. "हा खरा हाय."

"तूच म्हणत हुतीस फोनवर इस्वास ठेवू नगं."

"मला मॅडम म्हणणाऱ्यावर नगं म्हणले. ह्यानं सगळ्यांना बोलावलं का?"

"न्हाय. दोघं म्हणला."

"मेला म्हणाला का?"

मालकांनी मांडीवरची पिशवी खाली ठेवली. त्यांनाही आता कळलं होतं तो काय म्हणाला होता ते. सिरियस. ज्याला कुणी पढवून पाठवलं नाही, ज्याला आपल्याकडून काही काढून घ्यायचं नाही, तोच माणूस असा घुटमळत बोलतो.

"कुठला दवाखाना म्हणाला?"

"गावातलाच. एमआयडीसीकडं जाताना लागतो तो."

"गावातलाच हाय ना? मग बघून येऊ. खोटं निघालं तर मागं येऊ."

"आणि दुकान?"

मी पायरीवरच्या बायकांकडं बघितलं. तेलवाली म्हणाली, "जा. आमी हलत न्हाय." कासारीण केव्हाच उठून उभी राहिली होती. तिचा नवराही त्याच जीपमध्ये होता आणि त्याच्याबद्दल फोनवर कुणी काहीच म्हणालं नव्हतं. बायकांना आणू नका म्हणाले होते, पण आम्ही दोघी गेलो. रिक्षात मालक शेवटपर्यंत म्हणत होते, खोटं निघू दे. मघाशी साहेबाच्या नावानं खडे फोडणारा माणूस आता त्याच साहेबानं परत फोन केलेला असू दे म्हणत होता.

खोटं निघालं नाही.

गाव सोडून जीप थोडीच पुढं गेली होती. कारखान्यांचा सीझन नुकताच सुरू झालेला. उसाची ट्रॉली रस्त्यात बंद पडून उभी होती, मागं ना दिवा, ना लाल फडकं. दिवेलागणीची वेळ, धुरळा, काही दिसत नाही. मुलानं नंतर सांगितलं, ड्रायव्हर हळूच चालवत होता. दीर मागनं सारखं म्हणत होते, "दाब, दाब, दादा तितं पडलाय."

दवाखान्याच्या व्हरांड्यात मुलगा डोक्याला पट्टी बांधून बसला होता. वडिलांना बघून त्यानं पाया पडायचं सोडून त्यांच्या दंडाला हात लावून बघितला. कासाराचा हात मोडला होता. कासारीण त्याला म्हणाली, "आता बांगड्या कोण भरणार, मी?" आणि त्याच्या शेजारी बसली. दीर आत होते. ट्रॉलीवरचा ऊस छातीत आणि पोटात गेला होता. रक्त फार गेलं होतं. मालकांचं रक्त जुळलं. ते भावाच्या शेजारच्या खाटेवर झोपले आणि छताकडं बघत राहिले. डॉक्टर म्हणाले, बरं झालं लगेच आलात.

मी दिरांच्या पायाशी उभी होते. मनात धरून बसले होते की गेले. सिरियस म्हटल्यावर दुसरं काय धरायचं? जावेला माहेराहून कसं आणायचं, कुणाला पाठवायचं, हेही ठरवून टाकलं होतं. मग दिरांनी डोळे उघडले. मला बघून म्हणाले, "दादा?"

"शेजारी झोपल्यात. मासळी घेऊन आलेत."

त्यांना हसायचं होतं पण जमलं नाही.

ड्रायव्हर व्हरांड्याच्या टोकाला होता. अंगावर चादर होती, तोंडावरही. त्याच्या घरी फोन नव्हता. वस्ती गावाबाहेर. कुणीतरी जाऊन सांगायला हवं होतं. मालकांच्या दंडाला अजून कापूस चिकटलेला होता. ते उठले आणि म्हणाले, "मी जातो." मी बरोबर गेले नाही. ते काय बोलले ते मला नंतर त्यांनीच सांगितलं. दारात म्हातारा बाप आला, घरात कर्ता पुरुष तोच. मालक त्याला म्हणाले, "तुमचा पोरगा जरा सिरियस हाय. दोघं जण चला." म्हाताऱ्यानं आतल्या बायकांना काही सांगितलं नाही. टोपी घातली आणि निघाला.

दुकानातली एक वाटीही हलली नव्हती. आम्ही परत आलो तेव्हा बायका पायरीवर तशाच बसल्या होत्या. चिलापी मांजरानं खाल्ली होती.

फोन करणारा सापडला नाही. जीपमध्ये चौघं होते. माझा मुलगा जगला, कासार जगला, आणि दीरही जगले. ड्रायव्हर जगला नाही.